जागलीवरची मेझी डॉब्स

यंदा हरभऱ्याच्या ओलितासाठी आमच्या फिडरवर रात्रीची पाळी आली. म्हणजे मध्यरात्रीनंतर केव्हातरी थ्रीफेज लाईन येणार, पहाटेपर्यंत स्प्रिंकलरचे पाईप दोनदा उचलून पुढे न्यायचे, आणि मधल्या वेळात रानडुकरे व रोही वावरात उतरू नयेत म्हणून जागे राहायचे. या जागण्याला आमच्याकडे जागल म्हणतात. अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यापासून जागलीला जाणे हा माझ्या दिनक्रमाचा भाग झाला आहे, आणि वाचनाला मिळणारा सर्वांत सलग वेळही तोच आहे. मोटारीच्या खोलीत खाटेवर घोंगडे पांघरून, कपाळाला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात, थोरल्या लेकीने दिवाळीत आणून ठेवलेली एक इंग्रजी कादंबरी मी या पाळीच्या पाच रात्रींत वाचून काढली. गुन्हेगार सापडल्यानंतरही मनातून उठून गेली नाही, अशा रहस्यकथा माझ्या वाचनात फार थोड्या आहेत. ही त्यांपैकी एक.

कादंबरीचे नाव तिच्या नायिकेचेच आहे, ‘मेझी डॉब्स’. जॅकलिन विन्स्पिअर यांची ही पहिली कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. मेझी ही लंडनमधील खासगी गुप्तहेर. घोड्याच्या गाडीवर भाजीपाला विकणाऱ्या माणसाची मुलगी, आई लवकर गेलेली, तेराव्या वर्षी एका सरदारघरी मोलकरीण म्हणून लागलेली. रात्री सगळे झोपल्यावर मालकांच्या ग्रंथालयात चोरून वाचताना ती सापडते, आणि शिक्षा होण्याऐवजी तिच्या शिक्षणाची सोय होते. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजपर्यंत पोहोचलेली ही मुलगी पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर शिक्षण अर्धवट सोडते, परिचारिका होते आणि फ्रान्समध्ये आघाडीमागच्या तंबूतील रुग्णालयात काम करते. युद्ध संपून दहा वर्षे उलटल्यावर, १९२९ च्या वसंत ऋतूत, ती वॉरन स्ट्रीटजवळ एक खोली भाड्याने घेऊन दारावर आपल्या नावाची पाटी लावते. कथेची सुरुवात येथून होते.

पहिलेच गिऱ्हाईक येते ते बायकोवर संशय घेणारा एक सुखवस्तू नवरा. बायको ठरावीक दिवशी कुठेतरी जाते आणि कुठे गेले होते ते सांगत नाही. रहस्यकथा वाचून वाचून डोळे पिकलेल्या माझ्यासारख्या माणसाने लगेच प्रियकराचा हिशेब मांडून ठेवला होता. मेझी त्या बाईच्या मागावर जाते, आणि बाई पोहोचते ती एका दफनभूमीत. एका कबरीपाशी ती कितीतरी वेळ थांबते. कबरीच्या दगडावर एकच शब्द आहे, ‘व्हिन्सेंट’. आडनाव नाही, हुद्दा नाही, पलटणीचे नाव नाही. मेझी आजूबाजूला पाहते, तर नुसत्या पहिल्या नावाचे तसेच आणखी दगड तिथे आहेत.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या महायुद्धात इंग्रजांनी १९१७ साली युद्धकबरींसाठी एक स्वतंत्र आयोग नेमला होता, आणि त्या आयोगाने घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक शिपायाच्या दगडावर पलटणीचे चिन्ह, त्याचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरले गेले. ज्या समाजाने आपल्या मृतांच्या बाबतीत एवढी टापटीप ठेवली, त्याच समाजात काही दगडांवर नुसते ‘व्हिन्सेंट’ असावे, यातच या कादंबरीतील खरा गुन्हा दडलेला आहे. खून नंतर कळतो. नाव आधी पुसलेले दिसते.

शेवट मी सांगणार नाही, परंतु वाट एवढी सांगतो की ती केंट परगण्यातील एका शेतीवाडीवर जाते. युद्धात चेहऱ्याची चाळण झालेल्या माणसांनी लोकांच्या नजरेपासून दूर एकत्र राहावे म्हणून ती वाडी उभारलेली असते. तेथे येणाऱ्याने आडनाव फाटकाबाहेर ठेवायचे, पैसाअडका वाडीच्या स्वाधीन करायचा आणि शेतात राबायचे. कल्पना वरवर दयाळू वाटते. मात्र आत आलेल्याला पुन्हा बाहेर जावेसे वाटले तर काय होते, हा प्रश्न मेझीला पडतो आणि कथा काळी होऊ लागते.

ही वाडी लेखिकेने कल्पनेने रचली असली तरी त्या चेहऱ्यांची गोष्ट खरी आहे. खंदकातून डोके वर काढले की गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा थेट तोंडावर बसत असे, आणि त्यामुळे जबडा, नाक, डोळा गमावलेली हजारो माणसे जिवंत परत आली. १९१७ साली लंडनजवळ सिडकप येथे केवळ अशा जखमांसाठी एक रुग्णालय उघडले गेले. हॅरल्ड गिलीज या शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे पाच हजारांहून अधिक शिपायांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. आज ज्याला आपण प्लास्टिक सर्जरी म्हणतो तिची बरीचशी पायाभरणी तेथे झाली. ज्यांचा चेहरा शस्त्रक्रियेनेही जुळण्यासारखा नव्हता त्यांच्यासाठी डरवेंट वुड नावाच्या शिल्पकाराने लंडनच्या दुसऱ्या एका रुग्णालयात पत्र्याचे पातळ मुखवटे घडवण्याची कार्यशाळा काढली. जुन्या छायाचित्रावरून माणसाचा पूर्वीचा चेहरा घडवायचा, त्यावर त्याच्या कातडीच्या रंगाचा हात फिरवायचा आणि चष्म्याच्या दांड्यांनी तो कानाला अडकवायचा. मला वाचताना राहून राहून वाटत होते ते हे की माणूस म्हातारा होत जाणार आणि मुखवटा पंचविशीतलाच राहणार.

सिडकपची आणखी एक गोष्ट वाचली आणि ती या सगळ्यांहून मला जास्त लागली. रुग्णालयातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाके निळ्या रंगाने रंगवली होती. त्या बाकांवर जखमी शिपाई बसलेले असतील हे गावकऱ्यांनी आधीच ओळखून मनाची तयारी करावी, म्हणजे अचानक दचकायला नको, अशी ती व्यवस्था होती. कोणाची सोय पाहिली गेली, हे त्या रंगावरूनच कळते.

माझे रहस्यकथांचे वेड एस. टी. स्टँडवरचे. बाबुराव अर्णाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांच्या पातळ पातळ कादंबऱ्या, हे सगळे आम्ही तालुक्याच्या स्टँडवरील टपरीतून भाड्याने आणून, गणिताच्या पुस्तकात घालून वाचले. त्या कथांचे उपकार मी नाकारत नाही, कारण वाचनाची चटक त्यांनीच लावली. परंतु त्यांत शेवटच्या पानावर बेड्या पडल्या की जग पुन्हा जागच्या जागी बसत असे. बक्षिसाची रक्कम मिळे, कोणीतरी चहा मागवी, आणि आपण पुस्तक परत करून पुढचे आणायला मोकळे. युद्धाची छाया असलेल्या गुप्तहेरकथेत हे घडत नाही, कारण खून करणाऱ्याच्या हातात शस्त्र कोणी दिले आणि मारायला कोणी शिकवले, या प्रश्नाला पोलिसांच्या कागदात रकाना नसतो.

खरे पाहता ही छाया गुप्तहेरकथेवर पहिल्यापासूनच आहे, आपले तिकडे लक्ष जात नाही एवढेच. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ सालची. तिच्यात डॉ. वॉटसन भेटतो तोच मुळी दुसऱ्या अफगाण युद्धातून मोडून आलेला. तो सैन्यातील डॉक्टर म्हणून आधी आपल्या मुंबईत उतरतो, तेथून पलटणीच्या मागे कंदाहारकडे जातो आणि मैवंदच्या लढाईत खांद्यात गोळी खातो. २७ जुलै १८८० च्या त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही कापल्या गेल्या होत्या. होम्स त्याला पाहताक्षणी तो अफगाणिस्तानातून आल्याचे ओळखतो, हा प्रसंग आपण बुद्धीची चमक म्हणून वाचतो. एका आजारी, निराधार, लंडनमध्ये भटकणाऱ्या माजी सैनिकाला कोणीतरी पहिल्यांदा नीट पाहिले, असाही तो वाचता येतो. अगाथा ख्रिस्तीचा प्वारो हाही युद्धाने बेल्जियममधून उखडलेला निर्वासित. आणि त्याची निर्माती स्वतः युद्धकाळात रुग्णालयाच्या औषधशाळेत काम करीत होती, विषांची माहिती तिला तेथे झाली.

या सर्वांत मला अधिक जवळचा वाटतो तो डोरोथी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्झी. १९२३ च्या पहिल्याच कादंबरीत हा हसरा, बडबड्या सरदार एका रात्री कोलमडतो आणि त्याला पुन्हा तोफा ऐकू येऊ लागतात. युद्धात त्याच्या हाताखाली सार्जंट असलेला आणि आता त्याचा नोकर असलेला बंटर त्याला लहान मुलासारखा झोपवतो. १९२८ च्या एका कादंबरीत युद्धसमाप्तीच्या स्मरणदिनी, म्हणजे ११ नोव्हेंबरला, एक वृद्ध जनरल क्लबातील खुर्चीत मेलेला आढळतो. सबंध लंडनने छातीवर खसखशीचे लाल फूल लावलेले असताना याच्या कोटावर ते नाही, आणि तो नेमका केव्हा मेला याचा धागा त्या नसलेल्या फुलातून निघतो. एवढा सुबक पुरावा मी दुसरीकडे वाचलेला नाही. पुढे १९३७ च्या कादंबरीत तर, आपण पकडलेल्या खुन्याला फाशी होणार त्या रात्री विम्झी ढसाढसा रडतो. आपल्या शब्दाने माणसे मरतात, ही गोष्ट त्याने अधिकारी म्हणून एकदा भोगलेली असते आणि गुप्तहेर म्हणून ती त्याला पुन्हा भोगावी लागते.

मेझी या घराण्यातलीच, मात्र ती खालच्या जिन्याने आलेली आहे. तिची एक लकब मला विशेष आवडली. ज्या माणसाचा ती माग काढते त्याच्या चालण्याची, बसण्याची, खांदे पाडण्याची ती हुबेहूब नक्कल करते, आणि त्या शरीरात शिरल्यावर मनाला काय वाटते ते पाहते. तपासाची ही पद्धत न्यायालयात टिकणार नाही हे उघड आहे. पण पहाटे तीन वाजता पाईप बदलून आल्यावर, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, मी ती करून पाहिली. मी मोटारीच्या खोलीच्या दारात पाय फाकवून उभा राहिलो, डावा हात पाठीमागे घेतला, उजव्या हाताचे बोट पुढे केले आणि अंधारात मोजू लागलो. ही उभे राहण्याची पद्धत आमच्या मिलिटरी आबाजींची.

मिलिटरी आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. दुसऱ्या महायुद्धात ते खच्चरांच्या कंपनीत भरती झाले आणि ब्रह्मदेशात गेले. गावात ते १९४६ साली परतले. मला आठवतात ते म्हातारे, धोतर आणि वर खाकी बंडी घातलेले. सायंकाळी बैल, गडी, सालदार, बायाबापड्या वावरातून घरी येऊ लागल्या की ते फाटकात उभे राहून बोटाने मोजत. मोजणी हिंदुस्तानीत, एक, दो, तीन. सगळे आत आले तरी ते वाटेकडे पाहत विचारत, “अजून कोनी मांगं हाये का?” मग माझे काका म्हणत, “सबन आले ना आबाजी, चाला आता जेवाले.” हे रोज घडत होते. कोणी मागे राहिलेले नसतानाही घडत होते. आम्हा पोरांना त्याचे हसू येई, आणि मोठ्यांच्या लेखी तो म्हाताऱ्याचा चाळा होता. मी बारा वर्षांचा असताना ते गेले.

नंतर बऱ्याच वर्षांनी वाचनात आले की ब्रह्मदेशात शत्रूच्या पिछाडीला घुसणाऱ्या चिंडिट तुकड्यांबरोबर जी खच्चरे नेली, ती ओरडून जागा दाखवून देऊ नयेत म्हणून त्यांचे स्वरतंतू आधी कापून टाकीत. आमचे आबाजी त्या तुकड्यांत होते असा माझा दावा नाही. परंतु मोटारीच्या खोलीच्या दारात त्यांच्यासारखे उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा हा प्रश्न पडला की ते मोजत होते ती माणसे होती की जनावरे. आणि कोण मागे राहिले होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत घरातील एकाही माणसाने, शिकलेल्या माझ्यासह, हे त्यांना किंवा एकमेकांना विचारले नव्हते.

लेखिकेच्या घरातही असेच काही असावे. तिचे आजोबा १९१६ साली सोमच्या लढाईत जबर जखमी होऊन, मनाने हादरून परतले होते आणि आजी वूलिच येथील शस्त्रागारात काम करताना स्फोटात अंशतः दृष्टी गमावून बसली होती. म्हणून कादंबरीत आघाडीवरच्या शिपायाइतकेच दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींकडे लक्ष दिलेले आहे. मेझीची मैत्रीण एनिड अशाच कारखान्यातील स्फोटात मरते. हा भाग लंडनच्या वाचकाला इतिहास वाटेल. आमच्या वर्धा जिल्ह्यात तो रोजच्या ऐकण्यातला आहे. पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे, आणि मुदत संपलेला दारूगोळा निकामी करताना होणारे धमाके आसपासच्या शिवारांत कापूस वेचतानाही ऐकू येतात. ३१ मे २०१६ च्या भांडारातील आगीत जवान आणि अधिकारी मृत्युमुखी पडले, आणि २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण गेले. जो गोळा कोणत्याही युद्धात उडालाच नाही तोही कोणाचे तरी घर शोधत येतो.

आता दोष. रहस्य म्हणून पाहिले तर ही कादंबरी किंचित सैल आहे. तपास रंगात आला असतानाच लेखिका आपल्याला १९१० मध्ये नेते आणि मेझीचे बालपण, नोकरी, शिक्षण, प्रेम, युद्ध असे पुस्तकाचे सबंध मधले अंग सांगत बसते. वाडीचे काय झाले हे विचारायला मी तिसऱ्या रात्री अक्षरशः अधीर झालो होतो. शिवाय मेझी जरा जास्तच गुणी आहे. ती चिडत नाही, चुकत नाही, तिला कोणाचा कंटाळा येत नाही. तिच्यापेक्षा तिचा मदतनीस बिली बील मला खरा वाटला. तिच्या इमारतीची देखभाल करणारा हा लंगडणारा माणूस तिला एक दिवस सांगतो की तुम्ही मला ओळखले नाही, पण युद्धात माझा पाय वाचवणाऱ्या डॉक्टरांजवळ तुम्हीच उभ्या होतात. तो डॉक्टर म्हणजे मेझीचे प्रेम असलेला सायमन. सायमनचे पुढे काय झाले हे लेखिका शेवटपर्यंत राखून ठेवते, आणि ते उलगडल्यावर मधल्या लांबणीबद्दलची माझी तक्रार निम्मी गळून पडली.

उरलेली निम्मी गळाली ती सुरुवातीचा एक प्रसंग पुन्हा वाचल्यावर. संशयी नवऱ्याचे काम घेताना मेझी त्याला नुसती फी सांगत नाही. मी जे शोधून आणीन त्याचे तुम्ही काय करणार, हे ती त्याच्याकडून आधी जाणून घेते. पोलीस हे विचारीत नाहीत, त्यांना विचारायचे कारणही नाही. खासगी गुप्तहेराला मात्र ते विचारता येते, आणि मला वाटते की युद्धानंतरच्या कथांना हा खासगी माणूस लागतो तो याचसाठी. कायद्याच्या लेखी जे प्रकरण केव्हाच मिटलेले आहे, किंवा कधी प्रकरणच नव्हते, त्याच्या दारात तोच जाऊ शकतो. आबाजींबद्दल कळले तर मी काय करणार आहे? काका हयात नाहीत. ते घर पडून तेथे चुलत भावाने सिमेंटचा स्लॅब टाकला आहे. उत्तर माझ्याजवळ नव्हते, तरी पाळी संपल्यावर मी जिल्ह्याला जाऊन एका कार्यालयात चौकशी केली. टेबलावरच्या बाबूने चांगल्या शब्दांत सांगितले, “नुसत्या नावावर काही सापडत नाही सर, नंबर आणा. नंबर असला तर पुढे लिहून पाहता येईल.”

कादंबरीत दगडावर नाव आहे आणि बाकी सगळे पुसलेले आहे. आमच्याकडे नाव आहे, क्रमांक नाही.

क्रमांक असण्याची शक्यता एकाच ठिकाणी होती. आबाजींनी सैन्यातून आणलेला जेवणाचा चौकोनी डबा आमच्या घरी आहे. तो ॲल्युमिनियमचा आहे, आणि ॲल्युमिनियमला आमच्याकडे सरसकट जर्मन म्हणतात, त्यामुळे जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या जपान्यांशी लढून आलेल्या माणसाचे हे भांडे घरात कायम ‘आबाजींचा जर्मनचा डबा’ म्हणूनच ओळखले गेले. त्याच्या बुडावर खिळ्याने टोचून काढलेले आकडे आहेत, हे मला लहानपणापासून माहीत होते. आई त्यात मीठ ठेवत असे, आणि दर दिवाळीला तो राखेने, नारळाच्या काथ्याने खसाखसा घासला जाई. साठ-सत्तर वर्षांच्या त्या घासण्याने पहिले तीन आकडे तेवढे राहिले आहेत. पुढचे अंगठ्याला कळतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

पुन्हा रात्रीची पाळी आली तेव्हा तो डबा मी सोबत नेला. कपाळाची बॅटरी काढून हातात घेतली आणि धातूच्या कडेशी अगदी आडवी धरली, म्हणजे टोच्यांच्या खळग्यांत सावली पडते. चौथा आकडा एक आहे किंवा सात. वरची आडवी रेघ खिळ्याची आहे की घासण्याचा ओरखडा आहे, हे ठरवण्यासाठी मी डबा फिरवून दुसऱ्या बाजूने उजेड टाकीत होतो, तेवढ्यात स्टार्टर खटकला, मोटार सुरू झाली, आणि एका पाईपचा जोड निसटून पाणी धुऱ्याकडे उडू लागल्याचा आवाज आला, म्हणून डबा खाटेवर ठेवून मी तिकडे गेलो.